अक्काच्या जागी

३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पोचलीस, हे तुझ्या भाच्यानं फोनवर ऐकून मला कागदावर लिहून दाखवलं. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. फोन कानाला लावला की आत माशी अडकल्यासारखं वाटतं, शब्द एक कळत नाही. तेव्हा ठरलं तसंच करायचं. मी कागदावर लिहीन, तुझा भाचा फोटो काढून पाठवील. तूही लिही, तो मोठं करून दाखवील. फक्त जरा माणसासारखं लिही. तुझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळाल्यासारखं.

मी बरी आहे. खुब्यात घातलेला खिळा बसलाय म्हणे जागच्या जागी. डॉक्टर खूश आहेत, मग मी कशाला नाखूश राहू?

एक मात्र बोलते, मग पुन्हा बोलणार नाही. प्रभू जिथं चालला त्या वाटेनं एकदा चालायचं, एवढी एकच हौस मी आयुष्यात केली. शिवणक्लास चालवताना मशीनसमोर भिंतीवर त्या देशाचा नकाशा लावला होता, आठवतं? तिकीट आलं, आणि चारच दिवसांनी मी पायरीवरून घसरले. माझ्या जागी तुला पाठवलं तेव्हा तू म्हणालीस, "अक्का, माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे. निरोप्या म्हणून जाईन, भाविक म्हणून नाही." तुझा नवरा असा उभ्या उभ्या गेला, त्यानंतर तू देवळाची पायरी चढली नाहीस. मी कधी जोर केला नाही, आताही करत नाही. निरोप्या तर निरोप्या.

निरोप एवढाच: शेवटी त्या रिकाम्या कबरेत जाशील तेव्हा दगडावर हात ठेव आणि सांग, अक्का यायची होती.

सगळ्यांना केशरी टोप्या वाटल्या ना? चाळीस टोप्या शिवताना बोटं गेली माझी. कुणी हरवू नये म्हणून केशरी. ऊन फार असेल, घालत जा.

तुझी अक्का


५ ऑक्टोबर

प्रिय अक्का,
सप्रेम सलाम.

टोप्या अशा काही झळकतात की काल एक परदेशी बाई आम्हाला रस्ता दुरुस्त करणारे कामगार समजून बाजूला झाली.

आज जन्मगुहा पाहिली. दार इतकं बुटकं की भल्याभल्यांना वाकावं लागतं. आपले पाळकसाहेब उंच, त्यांनी कपाळमोक्ष करून घेतलाच. आत समयांचा धूर, मेणाचा वास, आणि गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. खरं सांगू? मला काही वाटलं नाही. जमिनीत एक चांदीचा तारा आहे, लोक त्यावर ओठ टेकतात आणि रडतात. मी माझी पाळी आली तेव्हा वाकले, तुझ्या वतीनं हात लावला आणि सरकले.

पण तिथं एक माणूस भेटलं, ते तुला सांगायलाच हवं.

आमच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं असतं. बाई निवृत्त कंडक्टर. आवाज असा की विमानतळावर पाळकांना लाउडस्पीकर लागला नाही. गळ्यात अजून शिट्टी. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, पाय आत घे, माणसं अडखळतील." मी पन्नाशी ओलांडलेली बाई! मी मनात म्हटलं, झालं, आता दहा दिवस ही सोबत.

त्यांचे यजमान नोकरीत त्यांच्याच बसचे ड्रायव्हर होते. ती कंडक्टर, तो ड्रायव्हर, लग्न त्याच गाडीवर जमलं. आता यजमानांना काही आठवत नाही. सकाळी कुठं गेलो ते दुपारी माहीत नसतं. बायकोचं नावही कधी सापडतं, कधी नाही.

तर गुहेत, त्या गर्दीत, ते एकदम म्हणाले, "आपण कुठं आलोय?" बाईंनी त्यांचा हात धरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "अहो, एक पोरगी होती. दिवस भरलेले. नवऱ्याबरोबर लांबून चालत आली. आणि या गावात सगळे म्हणाले, जागा नाही!"

"गरोदर बाईला जागा नाही?" ड्रायव्हरकाका खवळले.

"तेच तर! मी असते तर पुढच्या सीटवरच्याला उठवला असता."

आजूबाजूचे आपले लोक हसले. पण काका हसले नाहीत. त्यांनी पूर्ण गोष्ट ऐकली, मेंढपाळ आले तिथपर्यंत, आणि शेवटी डोळे पुसून म्हणाले, "बरं झालं बाळ सुखरूप आहे."

बाहेर येऊन पाणी प्यायलो, आणि काकांनी विचारलं, "आपण कुठं आलोय?" बाईंनी बाटलीचं झाकण लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून, "एक पोरगी होती..."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "दर वेळी सगळं कशाला सांगता? ते तर विसरणारच."

त्या म्हणाल्या, "विसरतात म्हणूनच. आपण शुभवर्तमान ऐकताना जांभया देतो. ह्यांनी अजून एकदाही दिली नाही. ह्यांच्यासाठी बातमी रोज ताजी."

जेव, औषधं घे, आणि चालण्याचा व्यायाम किती झाला ते कळव.

तुझी धाकटी


७ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुढच्या सीटवरच्याला उठवला असता, यावर इतकी हसले की खुबा दुखला. त्या बाईंना माझा सलाम सांग. पाळकांच्या कपाळाला थंड पाण्याची पट्टी ठेवायला सांग.

व्यायाम रोज चालू आहे. व्यायामवाल्या बाई येतात, त्या कौतुक करतात. काल खिडकीपर्यंत गेले, आज स्वयंपाकघरापर्यंत. तू माझी काळजी सोड आणि डोळे उघडे ठेव. काही वाटलं नाही असं लिहिलंस, ते बरं केलंस. वाटल्याचं सोंग आणलं असतंस तर मी रागावले असते.

पण एक विचारते. गुहेतल्या गर्दीचं तू चार ओळींत उरकलंस आणि त्या बाईंवर पानभर लिहिलंस. म्हणजे काहीच वाटलं नाही असं नाही.

सरोवराचं सविस्तर लिही. लाटा कशा, रंग कसा, किनाऱ्याला वाळू की गोटे. नकाशावर ते बोटाच्या नखाएवढं आहे. त्यावर बोट ठेवून मी कितीदा शिलाईचा धागा तोंडात धरून बसले असेन.

अक्का


९ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

सरोवर निळं नाही. सकाळी राखाडी, दुपारी हिरवं, आणि ऊन कललं की जस्ताच्या पत्र्यासारखं. किनाऱ्याला काळे गोटे, अनवाणी चालवत नाही. पाणी गोड. मी ओंजळभर चाखलं, पाळक ओरडले. वारा डोंगराकडून एकदम उतरतो, आणि पाच मिनिटांपूर्वी झोपलेलं पाणी उठून बसतं. मी पट्टीची पोहणारी, जन्म तलावाच्या काठावर शिट्टी फुंकण्यात गेला, पण या पाण्यात वाऱ्याच्या वेळी मीसुद्धा उतरणार नाही.

आम्ही नावेत होतो तेव्हाच तो वारा आला. नाव डोलायला लागली, काकांनी कठडा पकडला, "आपण कुठं आलोय?" मग बाईंनी तीच गोष्ट सांगितली. वादळ, शिष्यांची गाळण, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला.

"ड्रायव्हर झोपला?" काका हादरले.

"ड्रायव्हर नव्हे हो, मालक. गाडी मालकाची, रस्ता मालकाचा, म्हणून झोप लागली."

काकांना ते पटलं. त्यांनी कठडा सोडला आणि उरलेला वेळ मजेत बाहेर बघत बसले.

त्याच्या आदल्या दिवशी नदीवर गेलो होतो, जिथं प्रभूचा बाप्तिस्मा झाला. अक्का, तुझ्या मनातली नदी मोठी असेल तर ती तशीच राहू दे. मी बघितली ती अरुंद आणि गढूळ. पण सगळ्यांना पांढरे झगे घालून पाण्यात उतरायचं होतं, तळाशी शेवाळ, आणि आपली मंडळी साठीच्या पुढची. पाळकांनी मला विचारलं, उभ्या राहाल का? मग मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले आणि एकेकाला धरून आत घेतलं. "टाच आधी टेकवा, माझ्याकडे बघा, श्वास सोडा." माझं रोजचंच काम. फक्त इथं प्रत्येक जण वर येताना माझ्याकडे असं बघायचा की मला नजर चुकवावी लागली.

काका पायरीवरच अडले. पाण्याला घाबरले, मुठी आवळल्या, मला "दूर हो" म्हणाले. मी घाबरलेली मुलं पुष्कळ बघितलीत, माझे सगळे उपाय हरले. तेवढ्यात बाई त्यांच्या आधी झगा सावरत पाण्यात उतरल्या, तोंड वर केलं आणि भर नदीत आरोळी ठोकली, "पुढे चला, पुढे जागा आहे!"

काका खुदकन हसले आणि उतरले. तिघं हात धरून पाण्याखाली गेलो. हो, मीही गेले. त्यांना सोडता येत नव्हतं, म्हणून.

ह्या बाईंसारखं माणूस मी बघितलं नाही. सकाळी त्यांची दाढी करून देतात, बुटांच्या नाड्या बांधतात, आणि वर त्यांच्याशी थट्टामस्करी करतात. मी माझ्या नवऱ्याशी सगळं आठवत असतानासुद्धा इतकं बोलत नव्हते.

तू स्वयंपाकघरापर्यंत गेलीस हे वाचून फार बरं वाटलं. आता अंगणापर्यंत जा.

धाकटी


१० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

हे पत्र आईला दाखवायचं नाही.

आई खिडकीपर्यंतही गेलेली नाही. ती उठतच नाही. व्यायामवाल्या बाईंना दोनदा दारातून परत पाठवलं. वॉकर कोपऱ्यात आहे, त्यावर आता टॉवेल वाळत घालतो. डॉक्टर म्हणतात, खुबा ठीक आहे, पण या आठवड्यात पाय टेकला नाही तर नंतर कठीण जाईल. मी रागावून बघितलं, पाया पडून बघितलं. ती म्हणते, "मला जायचं होतं ते ठिकाण एकच होतं. तिथं जायचं हुकलं. आता चालून कुठं जाऊ, मोरीपर्यंत?"

तुझं पत्र आलं की तेवढ्यापुरती उठून बसते. म्हणून तुला लिहितोय. काहीतरी कर.

तुझा भाचा


११ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

आज मी लिहीत नाही. सोबतचं पत्र कंडक्टरबाईंचं आहे. मी त्यांना काही सांगितलं असेल किंवा नसेल, तू मला विचारू नकोस.

धाकटी

अक्काबाई, सलाम.

आपली ओळख नाही, पण मी तुमची टोपी घालते, म्हणून हक्कानं लिहिते.

ऐकलं की तुम्ही गाडीतच बसून राहिलात आणि उतरायचं नाव घेत नाही. अशी माणसं मी नोकरीत खूप बघितली. आपला थांबा चुकला की रुसून बसायचे, पुढच्या थांब्यावरही उतरायचे नाहीत. मग डेपोपर्यंत जायचे आणि तिथून रडायचे.

ह्यांचा आजार कळला तेव्हा मीही रुसले होते. आमची मुलगी परदेशी, घरात आम्ही दोघं. मी महिनाभर केस विंचरले नाहीत. ह्यांना नीट जेवू घालायचे, पण बोलायचे नाही. विसरणाऱ्या माणसाशी बोलून काय उपयोग, असं वाटायचं. एके दिवशी ह्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी बोललं का? चेहरा उतरलाय तुमचा." ओळख नव्हती त्यांना माझी, तरी चेहरा दिसला. मी उठले, केस विंचरले.

तुमच्या बहिणीनं नदीत एकेका म्हाताऱ्याला धरून आत घेतलं आणि धरून बाहेर काढलं. मी पायरीवरून बघत होते. कुणाचा पाय घसरला नाही. ती तुमच्या जागी आली म्हणून ते झालं. म्हणजे तुमची जागा रिकामी गेली नाही. आता तुम्ही उठा. मोरीपर्यंत तर मोरीपर्यंत. रागावलात तर परत आल्यावर भांडायला या, चालत.

कंडक्टर


१३ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

दोन दिवस तुझं उत्तर नाही. भाचा लिहितो, "आई ठीक आहे, काही बोलत नाही." रागावलीस का? रागावलीस तर तसं लिही, पण लिही.

आज जे झालं ते तुला सांगायलाच हवं, तुझा राग वाढला तरी.

सकाळपासून आम्ही जुन्या शहरात होतो. ज्या वाटेनं प्रभूला वधस्तंभ वाहायला लावला ती वाट चढून दुपारी कबरेच्या देवळात आलो. कबरेसाठी रांग इतकी की लोक खांबांना टेकून डुलक्या घेत होते. आम्ही सरकत सरकत अगदी दगडी दारापाशी पोचलो. तुझा दगड माझ्यापासून खोलीभर अंतरावर होता, अक्का. मी मनात तुझा निरोप घोळवत होते.

कंडक्टरबाईंनी काकांची गोळी काढायला हात सोडला. वर बघितलं तर काका नाहीत.

बाईंचा आवाज मी पहिल्यांदा फुटलेला ऐकला. शिट्टी फुंकायला गेल्या, ती वाजेना. पाळक म्हणाले, "तुम्ही सगळे रांगेत थांबा, मी पहारेकऱ्यांना सांगतो." पण बाई केव्हाच दोरी ओलांडून गेल्या होत्या. मीही गेले. मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

बाहेर गल्ल्यांचं जाळं. पायऱ्याच पायऱ्या, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, शाली, तांब्याची भांडी. बाई वरच्या अंगाला गेल्या, मी खालच्या. एका वळणावर केशरी टोपी दिसली आणि जीव भांड्यात पडला. जवळ गेले तर टोपीखाली डाळिंबाचा रस विकणारा! काकांनी रसाच्या बदल्यात टोपी दिली होती. भाषा कुणाची कुणाला येत नाही. त्यानं हातानं उताराकडे दाखवलं आणि टोपी काही परत केली नाही.

उतारावर उभी राहून मी विचार केला. तलावावर एखादं पोर हरवलं की आम्ही आधी पाणी बघतो, कारण ज्याला जिथं ओढ तिथंच ते जातं. मग ड्रायव्हर कुठं जाईल? मी शहराच्या दरवाजाबाहेर बसतळावर धावले.

एक मोठी निळी बस उभी होती, दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या म्हाताऱ्या बायकांनी भरलेली. ड्रायव्हरच्या सीटवर आमचे काका, दोन्ही हात चाकावर, आरसा नीट लावून घेतलेला. खरा ड्रायव्हर खाली उभा होता. त्यानं मला किल्ल्या दाखवल्या आणि खांदे उडवले. बायका आपल्या निवांत बसलेल्या.

मी म्हटलं, "काका, चला."

"बेल कुठं झाली?" ते म्हणाले. "आमची कंडक्टर यायची आहे. तिच्या बेलशिवाय मी गाडी हलवत नाही."

मी बाईंना फोन केला. त्या धापा टाकत आल्या, घामानं निथळत. मला वाटलं आता बरसणार. त्या बसची पायरी चढल्या, श्वास घेतला आणि दांड्यावर हातातल्या बांगडीनं एकदाच टण् केलं. एक बेल म्हणजे थांबा. "ड्रायव्हरसाहेब, शेवटचा थांबा. उतरा."

"आला का?" म्हणून काका मुकाट्यानं उतरले. बसमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कंडक्टरबाई त्याच पायरीवर खाली बसल्या. म्हणाल्या, "ह्यांनी मला कधी मागं ठेवून गाडी हलवली नाही. आणि मी हात सोडला." मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या नवऱ्याच्या वेळी लोकांनी मला खूप काही सांगितलं होतं, त्यातलं एकही वाक्य मला त्यांच्यासमोर उच्चारावंसं वाटलं नाही. नुसती पाठीवर हात ठेवून बसले.

परत आलो तेव्हा कबरेचं दार त्या दिवसापुरतं बंद झालं होतं. बाकी सगळे आत जाऊन आले. आम्ही तिघं राहिलो.

अक्का, मी तुझा निरोप पोचवला नाही.

धाकटी


१४ ऑक्टोबर, विमानतळावरून

प्रिय अक्का,

अजून तुझं काही नाही. तरी लिहिते.

काल पाळकसाहेब कुणाकुणाला भेटले, आणि आज पहाटे देवळाच्या द्वारपालानं आमच्यासाठी थोडा वेळ दिला. आत एकेकानंच जायचं, आणि वेळ एकीपुरताच. पाळक म्हणाले, "काकांजवळ मी थांबतो." पण काकांनी पाळकांचा हात झटकला. अंधार, अनोळखी जागा, ते बिथरले होते. माझा हात मात्र घट्ट धरला. "ह्या पोहणाऱ्या बाई आहेत," म्हणाले. कसं कोण जाणे, तेवढं राहिलं होतं.

कंडक्टरबाई म्हणाल्या, "तू जा. तुझ्या बहिणीचं काम आहे."

मी म्हटलं, "मी निरोप्या आहे. निरोप तुमच्या हाती देते. दोन हात आहेत ना? एक अक्काचा समजा."

आमची तिथं चांगलीच हमरीतुमरी झाली. शेवटी मी म्हटलं, "बाई, पुढे चला, पुढे जागा आहे." तेव्हा गेल्या.

मी आणि काका बाहेर चौकात दगडी पायरीवर बसलो. उजाडायला लागलं होतं, एक झाडूवाला फरशी धूत होता. आणि काकांनी विचारलं, "आपण कुठं आलोय?"

सांगायला दुसरं कुणी नव्हतं, अक्का.

मी सुरुवात केली. एक पोरगी होती, तिला कुणी जागा दिली नाही. मग नदी, मग वादळ आणि झोपलेला मालक. बाईंचीच वाक्यं होती, ऐकून ऐकून तोंडात बसलेली. मग त्याला धरलं ते सांगितलं, मारलं ते सांगितलं. काका माझा हात दाबत होते. "मग?" म्हणाले. म्हटलं, इथं ठेवला, या भिंतीपलीकडे. तिसऱ्या दिवशी पहाटे एक बाई आली, तर धोंड बाजूला. ती रडत बसली. मागे कोणीतरी उभा होता, तिला वाटलं माळी असेल. मग त्यानं तिला नावानं हाक मारली.

बाईंनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, पण ऐकणं वेगळं, आपण सांगणं वेगळं. मला आमच्या घरातली हाक ऐकू आली. दारातून आत येताना माझा नवरा मारायचा ती. दीड वर्षात मी रडले नव्हते, तुला माहीत आहे. त्या झाडूवाल्यासमोर रडले.

काका घाबरले. "काय झालं?"

"माझा माणूस गेला, काका."

"कुठं गेला?"

"वारला."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, जसं एखादं वेळापत्रक आठवतायत. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "थांबा हो थोडं. लेट असेल. पण येते गाडी."

मी देवाशी बोलले, अक्का. काय बोलले ते तुला सांगणार नाही, पहिलं वाक्य काही फार आदराचं नव्हतं. पण बोलणं सुरू झालं.

बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. त्यांनी उजवा तळहात माझ्या गालाला लावला आणि म्हणाल्या, "हा तुझ्या अक्काचा." आणि काका त्यांच्याकडे बघून मला हळूच विचारत होते, "ह्या कोण? फार गोड आहेत."

बसमध्ये चढताना त्यांनी विचारलं, आपण कुठं आलो होतो? बाईंनी तोंड उघडलं, पण मी म्हटलं, तुम्ही दमलात, मी सांगते.

उद्या संध्याकाळी पोचते.

धाकटी


१५ ऑक्टोबर

माझे धाकटे,

तू विमानात असशील, उतरल्यावर वाचशील.

तू आत गेली नाहीस हे वाचून मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? उशीत तोंड खुपसून रडले. इतक्या वर्षांची आस, आणि खोलीभर अंतर. मग तुझी दोन्ही पत्रं तुझ्या भाच्याकडून पुन्हा मोठी करून घेतली आणि वाचली. पायरीवर बसून तू गोष्ट सांगतेस तो भाग तर चारदा वाचला. मी दगडाला हात लावायला पाठवलं होतं, पण माझी मागणी खरं म्हणजे दगडापुरती कधीच नव्हती. ते तुला बोलले नसते. आता बोलले.

त्या कंडक्टरबाईंवर मात्र मी भयंकर रागावले. अनोळखी बाई मला रुसकी म्हणते म्हणजे काय! उत्तर लिहायला बसले तर कागद कपाटावर, तुझा भाचा बाहेर गेलेला. रागारागात वॉकरवरचा टॉवेल फेकला आणि उठले. कपाटापर्यंत पोचले तेव्हा घामानं चिंब झाले होते आणि काय लिहायचं होतं ते विसरून गेले. ती अकरा तारीख. तेव्हापासून रोज थोडं थोडं. तुला कळवलं नाही, कारण आधी खोटं लिहून बसले होते, आता खरं लिहायचं तर आधी चालायला हवं होतं. व्यायामवाल्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, सगळे तसंच करतात.

त्या दोघांना थेट घरी घेऊन ये. मला बाईंशी भांडायचं आहे, आणि काकांना माझ्या तोंडूनही एकदा ती गोष्ट ऐकवायची आहे. कधी न विसरणाऱ्यांना सांगून सांगून मी कंटाळले.

विमानतळावर मी येणार आहे. तुझा भाचा नको म्हणतो. त्याला म्हटलं, तू गाडी काढ आणि गप्प बस. दारातून बाहेर आलीस की मी लगेच दिसणार नाही. मला आता वेळ लागतो. घाबरून शोधायला निघू नकोस. आहेस तिथंच उभी राहा.

येतेय मी.

अक्का